ओहायो नदी केंटकीच्या बाजूने बघा

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना नायगारा दाखवतो. मीही दाखवला. पण गेली सहा वर्षं माझ्याकडे ओहायोतल्या कोलंबसला जो कोणी येतो, त्याला मी आणखी एका पाण्यावर नेते. त्याचं कारण माझे बाबा. ते साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक. पहिल्यांदा आले तेव्हा बॅगा उघडायच्या आधीच म्हणाले, "जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केली, ती माणसं राहायची कुठे? ते दाखव." तेव्हा मला इथे येऊन तेरा वर्षं झाली होती आणि उत्तर माहीत नव्हतं. उत्तर घरापासून दोन-अडीच तासांवर, ओहायो नदीच्या काठी होतं.

तुम्हालाही घरच्यांना घेऊन जायचं असेल, तर काय, कसं आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या खेपेला मी तो चुकवला होता.

निघण्यापूर्वी एवढं घरीच सांगून ठेवा. अंडरग्राउंड रेलरोड म्हणतात ती रेल्वे नव्हती आणि जमिनीखालीही नव्हती. गुलामीतून निसटलेल्या माणसाला एका घरून दुसऱ्या घरी, बहुतेक रात्री, गुपचूप पोचवणाऱ्या माणसांची ती साखळी होती. रेल्वे तेव्हा नवी होती, म्हणून शब्द तिथले घेतले: आसऱ्याचं घर म्हणजे स्टेशन, वाट दाखवणारा तो कंडक्टर. एका घराला पुढचं घर माहीत असे, त्याच्या पुढचं बहुधा नसे. पकडलं गेल्यावर सगळी साखळी तुटू नये, म्हणून.

शब्दांचं आणखी एक. आपल्या तोंडी "पळून गेले" सहज येतं. माझ्या आईने ते ऐकून लगेच विचारलं, "घरच्यांना मागे टाकून?" मराठीत पळून जाण्याला भित्रेपणाचा वास आहे. तेव्हापासून मी "निसटले" किंवा "सुटले" म्हणते. फरक पडतो, करून बघा.

आता वाट. सगळे जण सिनसिनाटीच्या मोठ्या संग्रहालयापासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी थेट नदी ओलांडून केंटकीतल्या मेज़विल गावी जा आणि काठावर उभे राहून उत्तरेकडे बघा. समोर ओहायो राज्य. १७८७ च्या कायद्याने नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती, दक्षिणेला ती राजरोस चालू होती. इकडच्या काठावर माणूस विकला जाई, तिकडच्या काठावर विकता येत नसे, आणि मधे हे एवढंसं पाणी. सुटू बघणाऱ्याला जे दिसत होतं ते आधी बघावं. नाहीतर आपण आसरा देणाऱ्यांच्या घरांची वाखाणणी करत फिरतो, आणि ज्यांनी अंधारात पहिलं पाऊल टाकलं ते गोष्टीत पाहुण्यासारखे उरतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगा. आज दिसते ती नदी तेव्हाची नाही. धरणं आणि बोटींसाठीच्या पाणकप्प्यांमुळे ती आता बारमाही रुंद आणि खोल आहे. तेव्हा कोरड्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी उथळ व्हायची आणि कडक हिवाळ्यात गोठायची. १८३८ च्या हिवाळ्यात एक बाई कडेवरचं मूल घेऊन फुटत्या बर्फावरून पलीकडच्या ओहायोतल्या रिप्ले गावी पोचली. तिचीच हकीकत पुढे 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीत एलायझा म्हणून आली. आजचं पाणी बघून मुलं म्हणतात, हे शक्यच नाही. म्हणून आधीच सांगायचं.

मेज़विलच्या काठावर मी आर्नल्ड ग्रॅग्स्टनची गोष्ट सांगते, कारण ती इथेच शोभते. हा मुलगा मेज़विलच्याच मेसन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गुलामीत होता. एका रात्री कुणीतरी त्याला एका मुलीला होडीतून पलीकडे रिप्लेला सोडायला सांगितलं. तो घाबरला होता, तरी गेला. मग जातच राहिला. काही वर्षं काळोख्या रात्री त्याने कितीतरी माणसं पार नेली आणि उजाडायच्या आत परत मालकाच्या शेतावर हजर. अंधारात तोंडं दिसत नसत, म्हणून तो विचारी, "काय म्हणता?" समोरून "मेनारे" असं उत्तर आलं की होडीत घ्यायचं. या शब्दाचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता, बायबलातला असावा एवढंच तो म्हणे. स्वतः पार झाला तो पुष्कळ उशिरा, आणि हे सगळं त्याने सांगितलं १९३० च्या दशकात, अगदी म्हातारपणी. बाबांनी ही गोष्ट मला तिथेच पुन्हा सांगायला लावली. "रोज परत जायचा?" एवढंच विचारत राहिले.

मग पूल ओलांडून अ‍ॅबरडीनला या आणि नदीकाठच्या ५२ नंबरच्या रस्त्याने रिप्लेकडे निघा. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे, नदी डावीकडे राहते. सावकाश चालवा. रिप्ले लहान गाव आहे. शाकाहारी माणसं बरोबर असतील तर डबा हवाच. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी नेते, नदीकाठच्या बाकावर बसून खातो. इथली बघायची दोन्ही घरं, नदीसमोरचं जॉन पार्करचं आणि टेकडीवरचं जॉन रॅन्किनचं, हंगामातच आणि ठरावीक वारीच उघडी असतात, तेव्हा आधी चौकशी करा. मला विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध. पानं झडायला लागलेली असतात, त्यामुळे टेकडीवरून पलीकडचा काठ मोकळा दिसतो.

रिप्लेत आधी टेकडीवर चढू नका. आधी फ्रंट स्ट्रीटवर, नदीसमोरच्या जॉन पार्करच्या घरी जा. या दौऱ्यात सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते.

पार्कर १८२७ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफकला जन्मला. आई गुलामीत, बाप गोरा. आठव्या वर्षी विकला गेला आणि साखळीने बांधलेल्या माणसांबरोबर चालवत दक्षिणेकडे नेला गेला, थेट अलाबामातल्या मोबीलपर्यंत. तिथे ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचं काम शिकला. मग एका विधवेला गळ घातली की तुम्ही मला विकत घ्या, मी कमावून तुमचे पैसे फेडतो. किंमत १,८०० डॉलर. हप्त्या-हप्त्याने फेडून १८४५ मध्ये तो स्वतःचा मालक झाला. बाबांनी हे ऐकून हिशेब मांडायला घेतला, आठवड्याला किती पडत असतील म्हणून. मग मधेच थांबले आणि म्हणाले, "स्वतःलाच विकत घ्यायचं."

पुढे रिप्लेत त्याने स्वतःचा ओतकारखाना काढला. तंबाखू दाबायच्या यंत्राचं पेटंट त्याच्या नावावर आहे. दिवसा भट्टी आणि रात्री होडी. तो पलीकडून कुणी यायची वाट बघत बसत नसे, स्वतः केंटकीत उतरून माणसं घेऊन येई. आईच्या प्रश्नाचं उत्तर मी याच घरासमोर देते. एका जोडप्याने निसटू नये म्हणून त्यांच्या मालकाने त्यांचं तान्हं मूल रोज रात्री स्वतःच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवायला सुरुवात केली. शेजारी खुर्ची, खुर्चीवर मेणबत्ती आणि पिस्तुलं. आई-बाप मुलाला सोडून निघायला तयार नव्हते. तेव्हा पार्कर बूट काढून त्या खोलीत शिरला, पलंगाभोवती सरपटत गेला, मूल उचललं आणि धावत सुटला. खुर्ची उलटली, मेणबत्ती विझली, मागून गोळ्या आल्या. चौघंही नदी पार झाले. ही हकीकत त्याने स्वतः नंतर एका पत्रकाराला सांगितली. आईने ती ऐकली आणि परतीच्या वाटेवर "मागे टाकून" हे शब्द पुन्हा काढले नाहीत.

त्याने एक वहीही ठेवली होती. पार पोचवलेल्यांची नावं, तारखा, हकिगती, तीनशेहून अधिक माणसांच्या. निसटलेल्यांना पकडून परत धाडायचा १८५० चा कायदा आला तेव्हा ती वही त्याने लोखंडाच्या भट्टीत टाकली.

तो कायदा दोन वाक्यांत समजावून द्या, नाहीतर वही का जाळली ते कळत नाही. निसटलेल्याला मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. आणि निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. आकडे सांगून थोडं थांबा. मुलांना ते आपोआप कळतं.

आता टेकडी चढा. वर पाद्री जॉन रॅन्किन यांचं विटांचं घर आहे. बांधताना गाव सोडून ते मुद्दाम वर चढले. खिडकीतला दिवा रात्री केंटकीतून दिसे. खालून वर जाणाऱ्या पायऱ्या आजही आहेत. गुडघे दुखत असतील तर गाडी मागच्या बाजूने वर जाते, आईला तसंच नेलं. बाबा मात्र पायऱ्यांनी चढले, तीनदा बसून. घर बघाल तर आश्चर्य वाटेल. इवलंसं आहे आणि त्यात रॅन्किन दांपत्य आणि त्यांची तेरा मुलं. शिवाय रात्री दार वाजलं की आलेल्यांचं जेवण, कोरडे कपडे, आणि उजाडायच्या आत मुलगा घोडा काढून त्यांना पुढच्या गावी नेई. १८४१ मध्ये या घरावर रात्री हल्ला झाला, तेव्हा मुलांनी बंदुका चालवून तो परतवला. रॅन्किनबाईंचं नाव जीन. रात्री-अपरात्री ताटं वाढणारा हात कुणाचा होता, हे माझ्या आईने कुणी न सांगता विचारलं.

घरात चोरखोली कुठे, भुयार कुठे, हे मुलं हमखास विचारतात. सगळीकडे भुयारं होती असं समजू नका. बहुतेकदा कोठी, माळा, गवताची गंजी, किंवा मक्याचं शेत. तसंच गोधड्यांचं. माझ्या मुलीला शाळेत शिकवलं होतं की गोधडीच्या नक्षीत गुप्त खुणा शिवून वाटेचा नकाशा सांगत. तिने रंगीत कागदाचे चौकोन चिकटवून तसा नकाशा घरी आणला होता. या गोष्टीला त्या काळचा पुरावा नाही आणि इतिहासकार ती मानत नाहीत. मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी, की खऱ्या खुणा यापेक्षा कितीतरी रोमांचक आहेत: "मेनारे", खिडकीतला दिवा, भट्टीत गेलेली वही. तुमच्या मुलांना गोधडीची गोष्ट आधीच शिकवली असेल तर टेकडीवर बसून शांतपणे दुरुस्त करा.

मुक्काम सिनसिनाटीला करा, रिप्लेहून सुमारे पन्नास मैल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठचं फ्रीडम सेंटर, तेच मोठं संग्रहालय, २००४ मध्ये उघडलेलं. तिथे बघायचं खूप आहे आणि वयस्कर माणसं दमतात. एकच वस्तू नीट बघा, दुसऱ्या मजल्यावरचं लाकडी ओंडक्यांचं घर. हा गुलामांचा कोंडवाडा, मेसन काउंटीतूनच उचलून आणलेला. म्हणजे काल आपण उभे होतो त्याच भागातला. जॉन अँडरसन नावाचा व्यापारी त्यात माणसं कोंडून ठेवायचा आणि पुरेशी जमली की पायी मिसिसिपीतल्या नॅचेझच्या बाजारात न्यायचा. आत जाता येतं. वर तुळईला लोखंडी कड्या आहेत. बाबांनी आत हात मागे बांधून घेतले, कशालाही स्पर्श केला नाही. लहान मुलांना आधी बाहेर समजावून मग आत न्या.

समोर, नदीच्या पलीकडे कव्हिंग्टनच्या पूरभिंतीवर मार्गारेट गार्नरच्या कुटुंबाचं चित्र आहे. जानेवारी १८५६ मध्ये ते गोठलेली नदी चालत ओलांडून सिनसिनाटीला आले. काही तासांत घराला वेढा पडला. मुलं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या लहान मुलीचा जीव घेतला. तिला परत पाठवलं गेलं. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मी हे सांगितलं, नऊ वर्षांच्या मुलाला नाही. तुमचं तुम्ही ठरवा, पण आईला सांगताना हात हातात घ्या. मी घेतला नव्हता, ते चुकलं.

नदी ओलांडली की माणूस सुटला, असं दोन दिवसांनी सगळ्यांना वाटायला लागतं. तसं नव्हतं. पकडणारे ओहायोतही फिरत होते आणि १८५० नंतर तर कायदाच त्यांच्या बाजूचा होता. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागात, कॅनडा धरून, १८३४ पासून गुलामगिरी बंद झालेली, म्हणून खरं टोक कॅनडा. तिसरा दिवस काढता येत असेल तर उत्तरेला जा. वाटेत ओबरलिन लागतं. तिथल्या कॉलेजने १८३५ पासून काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. सप्टेंबर १८५८ मध्ये जॉन प्राइस नावाच्या तरुणाला पकडून शेजारच्या वेलिंग्टनच्या हॉटेलात ठेवलं, तर ओबरलिनचे लोक, काळे आणि गोरे, चालून गेले आणि त्याला सोडवून आणलं. ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. प्राइस कॅनडाला पोचला. बाबांनी वहीत लिहून घेतलेलं एकच गाव म्हणजे हे. अर्पणपत्रिकेतली माणसं त्यांना इथे सापडली, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला मेज़विलला सापडली. त्यावरून आमचं गाडीत बराच वेळ चाललं.

शेवटी सॅन्डस्की, ईरी सरोवराच्या काठी. धक्क्याजवळच्या छोट्या बागेत साखळीच्या कड्यांनी घडवलेली तीन माणसं आहेत, बाप, आई आणि मूल, पाण्याकडे निघालेली. वारा फार असतो, स्वेटर गाडीत ठेवू नका. तिथून कॅनडाचा काठ दिसत नाही. सगळ्यांना काही वेळ त्या पाण्याकडे बघू द्या, मग चहा प्यायला न्या.