99 पर्सेंटाइल आहेत, सीओईपी मिळेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मामा-काकांचे फोन सुरू होतात. "किती पडले?" आकडा ऐकला की लगेच, "मग सीओईपी नक्की!" (सीओईपी म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज.) हे 'नक्की' बऱ्याचदा फसतं आणि फसायच्या जागाही ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी गल्लत पर्सेंटाइलची, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत त्या आकड्याची. मागच्या वर्षीच्या कटऑफला (जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाच्या आकड्याला) लोक यंदाचे पर्सेंटाइल लावून मोकळे होतात. 2024 मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाच्या परीक्षेला साधारण 2 लाख 95 हजार मुलं बसली, 2025 मध्ये 4 लाख 22 हजारांच्या आसपास. म्हणजे 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे एका वर्षी अंदाजे 2,950 मुलं होती, तर पुढच्या वर्षी 4,220. सीओईपीच्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय वरच्या टोकाला दशांशसुद्धा महाग असतो: 99.8 आणि 99.9 यांच्यामध्ये 2025 च्या हिशोबाने चारशेहून जास्त मुलं बसतात. "पॉइंट एकनेच तर कमी आहे" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं.

म्हणून तुलना मेरिट नंबरची, म्हणजे गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची, करायची. सीईटी सेल, म्हणजे ही प्रवेशप्रक्रिया चालवणारं सरकारी कार्यालय, त्याच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात, वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे खालचा वाचतात. कामाचा वरचा आहे. तुमचा नंबर मेरिट लिस्ट लागल्यावर कळतो आणि तो निकालावरून काढलेल्या अंदाजापेक्षा थोडा बरा निघू शकतो, कारण आयआयटी किंवा बिट्सकडे वळलेली काही मुलं कॅपचा (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) अर्जच भरत नाहीत.

दुसरी चूक रकाना चुकण्याची. जीओपीईएनएस, एलओपीईएनएस, जीओबीसीएच ही अक्षरं नीट वाचा. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटी एस असेल तर राज्यपातळी, एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरची. सीओईपीला एस बघायचा. पण फॉर्ममध्ये सीओईपीच्या खाली भरलेल्या खासगी कॉलेजांना एच की ओ हे बारावी कुठून केली यावर ठरतं. पुण्यातला मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला असेल, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. घर पुण्यात असलं तरी पुण्याच्या कॉलेजात तो 'बाहेरचा'. हे अनेकांना ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना कळतं.

राखीव प्रवर्गाच्या रकान्यातून अंदाज काढताना जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर हातात आहेत ना, हे आधी बघा. कागद मुदतीत नसतील तर तुमचा रकाना खुला, आणि आधीचा सगळा हिशोब वाया. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफीच्या योजनेत ट्यूशन फी माफ असली तरी तिथला कटऑफ बहुधा खुल्यापेक्षा वर असतो, त्यामुळे तो 'सोपा रस्ता' समजू नका.

आता ऑप्शन फॉर्म. "मिळणार नाही, मग वर कशाला टाकायचं?" असं म्हणून लोक 'सेफ' कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. वर अवघड पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. यंत्रणा मेरिटप्रमाणे वरून खाली बघत जाते, एवढंच. उलट 2025 च्या नियमांत चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तेच. म्हणजे 'सेफ' वर टाकलंत, तर पहिल्याच फेरीत दार बंद. पुढच्या फेऱ्यांत कटऑफ खाली घसरला तरी तुम्ही फक्त बघत राहणार. (यंदाची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे ताडून घ्या. कोचिंगवाल्यांच्या रीलवर विसंबू नका.)

सीओईपीला मेटलर्जी की खासगी कॉलेजात कॉम्प्युटर, हा वादही घरात फॉर्म भरण्याआधीच मिटवा. वरच्या सहा ओळींत जे लिहाल ते मिळालं तर घ्यावंच लागेल असं धरून चाला.

यूट्यूबवरचे आणि वेबसाइटवरचे प्रेडिक्टर मागच्या वर्षीचेच कटऑफ फिरवून दाखवतात. 2024 मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि खासगी कॉलेजांना कॉम्प्युटरच्या जागा वाढवायला वाट मिळाली. असला बदल जुन्या आकड्यांतून दिसत नाही. निदान तीन वर्षांच्या पीडीएफ उतरवा, आपल्या रकान्यातला पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा मेरिट नंबर वहीत लिहा. तुमचा नंबर पहिल्या फेरीच्या आत असेल तर आशा पक्की, दोन्हींच्या मधे असेल तर वाट बघायची तयारी ठेवा, आणि शेवटच्याही पलीकडे असेल तर खालच्या पर्यायांची यादी लांबवा. फॉर्ममध्ये 300 पर्याय भरता येतात.