चिनी मातीची जुनी भांडी घेताना या चुका टाळा

भांडं हातात आलं की लोक आधी ते उलटं करतात. तळाला सम्राटाचं नाव सांगणारी निळी सहा चिनी अक्षरं दिसली की झालं! अ‍ॅपवर वाचून घ्यायचं आणि मिंगकालीन (चीनच्या मिंग घराण्याच्या काळातलं, १३६८ ते १६४४) म्हणून पैसे मोजायचे. ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशीच एक फुलदाणी आणून दाखवली. तळाला छंगह्वा सम्राटाचं नाव, म्हणजे १४६५ ते १४८७. अंगावर मात्र छान गुलाबी फुलं. हा गुलाबी सोन्यापासून बनतो आणि चिनी भांड्यांवर तो १७२० च्या सुमारास आला. अडीचशे वर्षांचा फरक! तरी गृहस्थांचं चालूच, ‘पण अक्षरं तर जुनीच दिसतात ना?’

आता यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. खांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) जिंगदजेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावातले कारागीर जुन्या सम्राटांची नावं सर्रास लिहीत. १६७७ मध्ये तर तिथल्या अधिकाऱ्याने चालू सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला बंदीच केली होती. म्हणून मी तळाची अक्षरं सगळ्यात शेवटी वाचतो. आधी वजन, मग बुडाची बिनझिलईची (वरचा काचेसारखा थर नसलेली) कड, मग रंग. झिलईवर चढवलेले रंग बोटाला किंचित उंच लागतात, खालचा निळा लागत नाही. हे शिकायला वेळ लागतो, आणि तेवढाच लोकांकडे नसतो. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, ती तरी आधी निवांत बघून या.

दुसरी चूक नक्षीची. वटवाघूळ अशुभ म्हणून चांगली ताटली परत करणारे पाहिलेत मी. चिनीत वटवाघूळही ‘फू’ आणि सौभाग्यही ‘फू’. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि म्हातारपणी शांतपणे आलेलं मरण. स्वस्तिक दिसलं की ‘हे आपलंच’ म्हणून मोकळं होऊ नका, तिथे ते ‘वान’, म्हणजे दहा हजार, अगणित.

झिलईतल्या बारीक भेगा हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. ‘गे’ नावाच्या जुन्या चिनी भांड्यांवर त्या मुद्दाम आणत, आणि आज नव्या भांड्यांच्या भेगा चहात बुडवून काळ्या करतात.

पाच नखांचा ड्रॅगन ही सम्राटाची खूण, पण तो दिसला म्हणजे भांडं राजवाड्यातलंच, असंही नाही.

थांग काळातल्या (६१८ ते ९०७) ‘तिरंगी’ झिलईच्या मातीच्या घोड्यावर निळा दिसला म्हणून तो लगेच नकली ठरवू नका. निळा रंग देणारं कोबाल्ट तेव्हाही वापरत.

आणि कृपा करून झिलईवर किमतीची चिकटपट्टी लावू नका. काढताना वरचा सोनेरी मुलामा तिच्याबरोबर निघून येतो.