होम रिसीव्हरवर पुण्यातील रेडिओ केंद्रे साठवणे आणि ती रिमोटने लावणे

टीव्हीवरील चित्रपटांचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकता यावा म्हणून घेतलेल्या होम रिसीव्हरमध्ये बहुधा एफएम आणि मध्यम लहरींचा ट्यूनरही, म्हणजे रेडिओ केंद्र पकडणारा भागही, असतो. परंतु दर वेळी केंद्र शोधत बसावे लागले, तर घरातील मंडळी त्या ट्यूनरच्या वाटेला जात नाहीत. एकदा तासभर देऊन केंद्रे प्रीसेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील क्रमांकित जागांमध्ये, नीट साठवली, की रिमोटवरील एका आकड्याने हवे ते केंद्र लागते. त्यासाठी केंद्रांना क्रमांक कसे द्यायचे हे यंत्रावर न सोडता आपण स्वतः ठरवावे.

केंद्रे साठवण्यापूर्वी अँटेनाकडे पाहावे. रिसीव्हरसोबत एफएमसाठी एक तार आणि मध्यम लहरींसाठी चौकटीच्या आकाराची छोटी लूप अँटेना मिळते; ही दोन्ही अनेक घरांत खोक्यातच पडून राहतात. एफएमची तार गुंडाळी करून रिसीव्हरमागे कोंबू नये. ती पूर्ण उलगडून शक्यतो खिडकीजवळ भिंतीवर लावावी आणि एखादे क्षीण केंद्र लावून ठेवून तिची दिशा बदलत, खरखर कोठे कमी होते ते कानाने ठरवावे. एफएमच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, त्यामुळे टेकडीच्या आडोशाला असलेल्या किंवा चारही बाजूंनी उंच इमारतींनी वेढलेल्या सोसायटीत तारेची जागा हातभर बदलली तरी फरक जाणवतो. लूप अँटेना रिसीव्हर, टीव्ही, वायफायचा राउटर, मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवे यांच्यापासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवावी, कारण मध्यम लहरींवरील गुणगुण बहुतेक वेळा घरातीलच उपकरणांकडून येते. ती चौकट उभ्या अक्षावर फिरवल्यासही आवाज कमीजास्त होतो.

यानंतरची गोष्ट फारसे कोणी तपासत नाही, पण परदेशातून आणलेल्या रिसीव्हरच्या बाबतीत सगळा घोळ तेथेच होतो. भारतात मध्यम लहरींवरील केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत, तर अमेरिकेत हे अंतर 10 किलोहर्ट्झ आहे. पुणे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र 792 किलोहर्ट्झवर आहे. अमेरिकेसाठी बनवलेला रिसीव्हर 790 वरून थेट 800 वर उडी मारतो आणि 792 त्याला सापडतच नाही. 790 वर आवाज येतो, पण तो चिरका असतो. एफएमवरही असेच होते. जो ट्यूनर 0.2 मेगाहर्ट्झच्या टप्प्याने 87.5, 87.7, 87.9 असा पुढे सरकतो, त्यावर रेडिओ सिटीचे 91.1, रेड एफएमचे 93.5 किंवा मिर्चीचे 98.3 बरोबर लागते. मात्र विविध भारतीचे 101.0 आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीचे 107.4 ही दोन टप्प्यांच्या मधोमध पडतात आणि निवेदकाच्या बोलण्यातील ‘स’ व ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटते की केंद्राचे प्रक्षेपणच खराब आहे.

अनेक रिसीव्हरमध्ये हा टप्पा बदलण्याची सोय असते. काहींत ती सेटअपच्या मेनूमध्ये, काही जुन्या यंत्रांत मागच्या बाजूला छोट्या खटक्याच्या रूपात, तर काहींत पुढील पट्टीवरचे विशिष्ट बटण दाबून धरून यंत्र चालू करण्याच्या रीतीने दिलेली असते. नेमकी रीत माहितीपुस्तिकेतच पाहावी. टप्पा बदलला की कित्येक यंत्रांत आधी साठवलेली सर्व केंद्रे पुसली जातात, म्हणून हे काम केंद्रे साठवण्याच्या आधी उरकावे. अमेरिकेतून आणलेले यंत्र केवळ 120 व्होल्टचे असेल, तर ते योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावू नये, हे सांगायला नकोच.

आता प्रत्यक्ष साठवण. बहुतेक रिसीव्हरवर आपोआप साठवण्याची सोय असते: एक बटण दाबले, की ट्यूनर खालून वर जात सापडेल ते प्रत्येक सशक्त एफएम केंद्र क्रमाने साठवत जातो. ही सोय आकर्षक वाटते, पण तिच्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. यंत्राला ऐकणाऱ्याची आवड ठाऊक नसते. त्याला फक्त कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) चढता क्रम आणि सिग्नलची ताकद कळते. परिणामी घरात कोणीच ऐकत नाही असे केंद्र पहिल्या क्रमांकावर बसते, विविध भारती कोठेतरी मध्ये जाते आणि विद्यावाणीसारखे कमी शक्तीचे सामुदायिक केंद्र दूरच्या उपनगरात वगळलेही जाते. शिवाय पुष्कळ यंत्रांत ही सोय फक्त एफएमपुरतीच असल्याने 792 हाताने साठवावेच लागते. आपोआप शोधाचा उपयोग आपल्या घरात कोणती केंद्रे येतात हे पाहण्यापुरता करावा, ती कागदावर लिहून घ्यावीत आणि मग क्रम स्वतः लावावा.

तो क्रम लावताना केंद्राच्या कंप्रतेचा नव्हे, तर घरातील माणसांचा विचार करावा. आजोबांना सकाळी प्रादेशिक बातम्या ऐकायच्या असतात आणि त्यांना अंधारात, चष्म्याशिवाय बटण सापडले पाहिजे. म्हणून 792 ला 1 हा क्रमांक द्यावा. अनेक रिमोटवर मधल्या 5 या बटणावर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असतो, तेथे दिवसभर स्वयंपाकघरापर्यंत चालू राहणारे विविध भारतीचे केंद्र ठेवणे सोयीचे जाते. मुलांची खासगी केंद्रे 6 पासून पुढे द्यावीत. काही रिसीव्हरमध्ये क्रमांक सलग नसतात, तर ए, बी, सी असे गट आणि प्रत्येक गटात आठ जागा असतात. अशा वेळी रोजची सर्व केंद्रे पहिल्याच गटात बसवावीत, कारण गट बदलण्याचे बटण लक्षात ठेवणे कोणालाच जमत नाही.

साठवण्याची रीत बहुतेक यंत्रांत मिळतीजुळती असते. प्रथम रिमोटवरील ‘ट्यूनर’ बटण दाबावे, मग ‘बँड’ने एफएम किंवा एएम (मध्यम लहरी) निवडावे आणि ट्यूनिंगच्या बाणांनी हव्या त्या केंद्रावर यावे, काही रिमोटवर ‘डायरेक्ट’ दाबून आकडे थेट टाइप करता येतात. केंद्र स्वच्छ लागले, की ‘मेमरी’ दाबावे. डिस्प्लेवर क्रमांक किंवा ‘मेमरी’ हे अक्षर लुकलुकू लागते आणि ते लुकलुकत आहे तोवरच हवा तो क्रमांक देऊन पुन्हा ‘मेमरी’ किंवा ‘एंटर’ दाबायचे असते. ही मुदत काही सेकंदांचीच असते. ती टळली तर यंत्र काहीही न साठवता मुकाट्याने पूर्ववत होते, म्हणून क्रमांक आधीच ठरवलेला कागद समोर असावा. त्या क्रमांकावर आधी दुसरे केंद्र असेल, तर ते न विचारता पुसले जाते.

स्टीरिओच्या बाबतीत एक बारकावा आहे. पुष्कळ रिसीव्हरवर हाताने ट्यून करण्याची पद्धत निवडली, की एफएम मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज) जाते आणि केंद्र तशाच अवस्थेत साठवले जाते. साठवण्यापूर्वी डिस्प्लेवर स्टीरिओचे चिन्ह आहे का ते पाहावे व नसल्यास ट्यूनिंगची पद्धत ‘ऑटो’वर आणावी. उलट, क्षीण केंद्राला सतत खरखर येत असेल तर ते मुद्दाम मोनोमध्ये साठवणेच योग्य, कारण मोनोमध्ये खरखर बरीच कमी होते आणि भाषणाच्या कार्यक्रमाला स्टीरिओने काही बिघडत नाही की सुधारत नाही.

रिमोटबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते: आकड्यांची तीच बटणे सीडी, टीव्ही आणि ट्यूनर या सर्वांसाठी वापरली जातात. शेवटी ज्या साधनाचे बटण दाबले असेल, त्यालाच आकडा जातो. म्हणून आजीला ‘आधी ट्यूनर, मग आकडा’ एवढेच शिकवावे आणि त्या बटणावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा. तरीही रिमोट चालत नसेल, तर मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात फिकट जांभळा किंवा पांढरा लुकलुकताना दिसतो. मागील कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्याने पाहावे. प्रकाश दिसत असेल तर दोष रिमोटचा नाही. रिसीव्हरच्या खिडकीसमोर फुलदाणी, कॅबिनेटची काच किंवा दुपारचे थेट ऊन येत आहे का ते तपासावे. प्रकाश दिसत नसेल तर दोन्ही सेल एकदम बदलावेत, नवा-जुना एकत्र घालू नये. मूळ रिमोट हरवल्यास मॉडेलचा क्रमांक लिहून घेऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पर्यायी रिमोट विचारावा, मात्र घेण्यापूर्वी त्यावर ‘मेमरी’ आणि आकड्यांची बटणे आहेत याची खात्री करावी, कारण स्वस्त रिमोटवर नेमकी हीच गाळलेली असतात.

गुरुवारी देखभालीसाठी काही तास वीज गेली तरी साठवलेली केंद्रे सहसा जात नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मेन स्विच बंद करून गावी गेल्यास मात्र काही जुन्या यंत्रांची स्मृती पुसली जाते. तेव्हा क्रमांक आणि केंद्रांचा तो कागद रिसीव्हरच्या तळाशी चिकटवून ठेवावा.