एअर रायफलवर स्कोप बसवताय? आधी माउंट बघा, मग काच

जानेवारीत गड्डा भरला की होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलपाशी पाय थांबतोच, आणि तिथून नाद लागून पुढं स्वतःची .१७७ ची (४.५ मिमी छर्ऱ्याची) ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची एअर रायफल घेणारे सोलापुरात बरेच भेटतात. मग महिनाभरात स्कोप येतो. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात फोन, "अरे स्कोप खराब निघाला, छर्रा कुठंही जायलाय." मी जाऊन बघतो तर स्कोप बिचारा ठीक असतो, त्याला गनवर धरून ठेवणारी रिंग, म्हणजे माउंटच हलत असतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणल्यावर बऱ्याच पोरांना रायफल शूटिंग शिकायचंय, पण त्या रायफलवर स्कोप नसतो, बारीक भोकाची पीप साइट असते. १० मीटर एअर रायफलमध्ये पण तेच. स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपवर पैसे घालवूच नका. हा लेख घराच्या मागं किंवा शेतात कागदी टार्गेटवर खेळणाऱ्यांसाठी आहे. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, पण म्हणून पाखरं मारायची मोकळीक मिळत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या दाराशी आहे, एवढं सांगून पुढं जातो.

स्कोप घेताना पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो असा, की हा स्प्रिंग गनवर चालतो का. लोक विचारतात झूम किती. साध्या गनचा धक्का फक्त मागं येतो, स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा दोन्हीकडं येतो. पिस्टन पुढं पळतो तेव्हा गन मागं सरकते, आणि पिस्टन शेवटाला जाऊन आपटला की गन झटक्यात पुढं जाते. हा दुसरा झटका नेमका उलट्या दिशेचा आणि बऱ्याच स्कोपच्या आतल्या काचा तो सोसायला बनवलेल्याच नसतात. माझा पहिला स्कोप असाच गेला, दुकानदार म्हणला "मोठ्या रायफलीवर चालतो, तुमच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचं काय घेऊन बसलाय", मी मान डोलावली, आणि दोनेकशे छर्ऱ्यांत आतला क्रॉस, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा, वाकडा होऊन बसला. त्यामुळं एअरगन रेटेड किंवा स्प्रिंगर रेटेड असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. पीसीपी असेल, म्हणजे भरलेल्या हवेची, तर धक्का जवळपास नसतोच, तिथं ही काळजी नको.

दुसरी गोष्ट पॅरलॅक्स. मोठ्या रायफलीचे स्कोप सहसा १०० यार्डाला सेट करून येतात आणि आपण खेळतो १० नाहीतर २० मीटरवर. मग डोकं जरा हललं की क्रॉस टार्गेटवरून घसरल्यासारखा दिसतो आणि लांबचा फोकस असल्यामुळं जवळचं धूसर दिसतं ते वेगळंच. यावर उपाय म्हणजे पुढच्या काचेपाशी किंवा बाजूला अंतराप्रमाणे फोकस फिरवायची रिंग असलेला एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) स्कोप, आणि ती रिंग १० मीटरपर्यंत खाली येते का ते बॉक्सवर बघा. ३-९×४० भरपूर झालं. यातला ३-९ म्हणजे झूम, ४० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याला झूमनं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा आकार निघतो. ९ झूमला साधारण ४.४ मिमी, ४ झूमला १० मिमी. म्हणून संध्याकाळी झूम कमी केला की बरं दिसतं. २४ झूमचा घेऊन मिरवणारे पण आहेत, त्यांना टार्गेटपेक्षा स्वतःच्या हाताचा थरथराटच मोठा दिसतो.

आता माउंट, इथं कंजूषी नको. एअर रायफलवर रिंगा बसवायच्या पट्टीला, म्हणजे रेलला, सहसा ११ मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची खाच असते, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या रिंगा बऱ्याचदा रुंद पिकॅटिनी रेलच्या, २१ मिमीच्या आसपास, त्या बसतच नाहीत. शिवाय स्कोपची नळी १ इंची आहे का ३० मिमीची तेही जुळलं पाहिजे. घरात व्हर्नियर नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडं जाऊन रेल मोजून या, पाच मिनिटाचं काम आहे. स्प्रिंग गनसाठी रुंद रिंगा, वरच्या पट्टीला चार-चार स्क्रूवाल्या, आणि खाली स्टॉप पिन असलेल्या घ्या. त्या दुसऱ्या झटक्यात गन पुढं पळते आणि स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे हळूहळू नेमबाजाकडं सरकतो, त्याला ही पिन रेलवरच्या भोकात अडकून धरते. काही जुन्या देशी गनवर भोकच नसतं, मग मागच्या रिंगेमागं वेगळा स्टॉप ब्लॉक लावा.

बसवताना आधी गन रिकामी आहे आणि कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून ठेवलेली, नाही याची खात्री करा. रेल आणि रिंगा पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसून तेल काढा, तेलकट रेलवर कितीही आवळलं तरी घसरणार. खालच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळा, स्कोप ठेवा, वरच्या पट्ट्या सैलच ठेवा. मग डोळे मिटून नेहमीसारखी गन खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढंमागं करा, सहसा डोळा ते काच साडेतीन इंचाच्या आसपास जमतंय.

क्रॉस सरळ करायला गवंड्याचा ओळंबा मागून आणा! दहा मीटरवर लटकवायचा, गन सरळ धरायची आणि क्रॉसची उभी रेघ दोऱ्याशी जुळवायची. मग स्क्रू थोडेथोडे, चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, आणि दोन्ही बाजूची फट सारखी ठेवत आवळा. ॲलन कीची आखूड बाजू बोटात धरून जेवढा जोर लागतो तेवढाच, लांब दांडा धरून पिळलं तर नळी चेपते.

झिरो करताना, म्हणजे क्रॉस जिथं तिथंच छर्रा बसेल असं जुळवताना, मागं वाळूची पोती किंवा चिंध्या ठासून भरलेलं खोकं पाहिजे, यंत्रमागाच्या गावात चिंध्यांना काय तोटा. लोखंडी पत्रा लावू नका, छर्रा परत येतो, आणि गॉगल घाला. एकाच डबीतले छर्रे, पाच पाच मारायचे, आणि एका छर्ऱ्यावरून टरेट, म्हणजे क्रॉस सरकवायची स्कोपवरची घुंडी, फिरवायचा नाही, पाचांच्या मधोमध बघायचं. बहुतेक स्कोपला एक क्लिक पाव एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) असतो, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७.३ मिमी आणि १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी. म्हणजे छर्रे ३ सेंटिमीटर खाली बसत असतील तर ४० क्लिक वर. लोक चार क्लिक फिरवतात आणि म्हणतात टरेट कामच करत नाही! ब्रेक-बॅरलची नळी किंचित खाली झुकलेली असणं पण कॉमन आहे, टरेट शेवटपर्यंत गेला तर जबरदस्ती करू नका, त्यासाठी मागून उंच असलेलं माउंट मिळतं. आणि स्प्रिंग गन घट्ट आवळून धरू नका, पुढचा हात उघड्या तळव्यासारखा ठेवून गनला उडू द्या, नाहीतर ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, पसरतो आणि शिव्या परत स्कोपलाच.

दोनेकशे छर्ऱ्यांनंतर सगळे स्क्रू एकदा चेक करा. रिंगेच्या मागच्या कडेला नळीवर पेनानं बारीक रेघ मारून ठेवली की स्कोप सरकला का ते लगेच कळतंय.

काचेचं म्हणाल तर आपली धूळ हाच मोठा शत्रू. टॉवेलच्या गावात राहतो म्हणून काय टॉवेलनं काच पुसायची नाही, शर्टाच्या टोकानं तर नाहीच. रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा, आणि बोटाचा डाग असेल तरच लेन्स क्लीनरचा थेंब मायक्रोफायबरवर टाकून, काचेवर नाही, मधून बाहेर गोल पुसा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना स्कोप बंद गाडीत टाकून जाऊ नका. स्कोपमधून सूर्याकडं कधीच नाही. पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये महिनोन्‌महिने बंद ठेवला तर आत बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढा. नळीत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळं आत वाफ दिसली म्हणून कुणी "खोलून पुसतो" म्हणला तर हातातून काढून घ्या, तो गॅस आपल्याकडं कोपऱ्यावर भरून मिळत नाही.

आणि झिरो झाल्यावर कुठला छर्रा, किती मीटर, टरेटवरचा आकडा किती हे चिकटपट्टीवर लिहून केसच्या झाकणाला आतून लावा. आमच्या घरात पाहुण्यांच्या पोरानं मागच्या दिवाळीत टरेट रेडिओसारखा फिरवून ठेवला होता, ती पट्टी होती म्हणून फराळ थंड व्हायच्या आत परत जागेवर आला.