आजेसासऱ्यांच्या पाकिटातल्या सॅमन फ्लाय: या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या जुन्या घरांची आवराआवर निघाली की कधी कधी चामड्याचं एक जाडसर पाकीट हाती लागतं. आत लोकरी कापडाची पानं आणि त्यांत टोचून ठेवलेल्या, मासे पकडायच्या रंगीत पिसांच्या फ्लाय. आमच्या घरातलं पाकीट माझ्या आजेसासऱ्यांचं, टे नदीवर वापरलेलं. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातून एक फ्लाय मोडली. पुढचं सगळं त्या दिवसापासून शिकत आले ते.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, रेशीम, लोकर आणि जरीची तार गुंडाळून केलेलं आमिष. आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण हा मासा वेगळा. अटलांटिक सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो आणि गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो. त्यामुळे त्याची फ्लाय कुठल्या किड्यासारखी दिसायची गरज नसते, त्याला डिवचलं की काम झालं. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी बोटभर गळावर चीनचा सोनेरी फेजंट, दक्षिण अमेरिकेतला टूकान, मोर, शहामृग असं सगळं बांधलं. 'जॉक स्कॉट' ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. अंगाचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या रेशमाचा, मधे शहामृगाच्या पिसाचा काळा कंगोरा आणि वरून चंदेरी जरीचे वेढे. बघत राहावं अशी.

कड्याला धरून ओढू नका

माझी चूक हीच. हल्लीच्या गळाला धातूचं नेढं असतं. जुन्या गळाची दांडी नुसतीच निमुळती असते आणि दोरी बांधायला तिच्यावर तातेचं छोटं कडं बांधलेलं असतं. ही तात रेशीमकिड्याची. किड्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथी ओढून, वाळवून ती करत, आणि स्पेनमधलं मुर्सिया त्यासाठी प्रसिद्ध होतं. भिजवली की ती लवचिक होते. शंभर वर्षं कोरडी पडलेली तात मात्र वाळक्या काडीसारखी तुटते. मी कड्याला चिमटीत धरून फ्लाय कापडातून ओढली आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला.

बरोबर पद्धत अशी: गळाच्या बाकाला धरायचं, टोचला होता त्याच वाटेने किंचित मागे सरकवायचं, म्हणजे टोकामागचा उलटा काटा कापडातून सुटतो. गंजून कापडाला चिकटला असेल तर तिथेच राहू द्या. कडं तुटलंच तर तुकडा फेकू नका, कागदाच्या पुडीत फ्लायबरोबर ठेवा. नवं कडं बांधून घ्यायचा मोह टाळा. आणि एकदा आठवण म्हणून या फ्लायने मासेमारी करावी, हे तर अजिबात नको. मासा लागला की कडं जाईल आणि फ्लायही त्याच्याबरोबर जाईल.

डांबरगोळ्या घालू नका

आपल्या घरांत रेशमी साड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या असतातच, त्यामुळे हात आधी तिकडे जातो. नॅफ्थलीनची वाफ माणसाला घातक असते, वस्तूवर तिचे स्फटिक बसतात, काही प्रकारचं प्लास्टिक ती मऊ करते. अधूनमधून उघडल्या जाणाऱ्या डब्यात कीड मारण्याइतकी दाट ती राहतही नाही.

त्याऐवजी आधी कीड आहे का ते पाहा. पंख कुरतडलेला, कापडावर बारीक जाळी, खाल्लेल्या पिसाच्याच रंगाची वाळूसारखी विष्ठा दिसली तर ती कसर. तपकिरी, केसाळ, पोकळ साली दिसल्या तर लोकर आणि पिसं खाणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. दोन्हींवर उपाय थंडीचा. फ्लाय आम्लरहित कागदात सैल गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घालायच्या, हवा काढून पिशवी घट्ट बंद करायची आणि घरातल्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नका. लगेच उघडली तर हवेतलं पाणी थंड पिसांवर आणि लोखंडावर जमतं, आणि कीड गेली तरी गंज येतो. पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

चमकवायच्या मागे लागू नका

काळवंडलेली जर चांदी घासायच्या पावडरीने पुसली की खालचं रेशीम सुटतं. गंजावर तेल सोडलं की ते रेशमात चढतं आणि डाग कायमचा राहतो. किटलीच्या वाफेवर पिसं फुलवायची युक्ती रोजच्या फ्लायसाठी ठीक आहे, जुन्या रंगवलेल्या पिसांचा रंग मात्र ओलीने उतरू शकतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि थांबा. जरीची तार आणखी काळी पडू नये म्हणून डब्यातले रबरबँड काढा, त्यांतल्या गंधकानेच चांदी काळवंडते. सिलिका जेलची पुडी ठेवा, पण पिसांना टेकेल अशी नको.

फ्रेम करायची तर उन्हाच्या भिंतीवर नको आणि शेकोटीच्या वर तर नकोच. इथे बहुतेक घरांत नेमकी तीच जागा निवडतात. एका फ्रेमवाल्याने आमच्या ओळखीच्यांच्या सहा फ्लाय गरम गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या. आता त्या सोडवायच्या म्हणजे पिसं पुठ्ठ्यावरच राहणार.

पाकीट रिकामं करून टाकून द्यायचं नाही. कोणती फ्लाय कोणत्या पानावर होती याचा फोटो आधी काढा, कागदी पुड्यांवरचं अक्षर जपा. तातेचं कडं आहे म्हणजे फ्लाय १८८० च्या आधीचीच, असंही ठरवू नका. धातूच्या नेढ्याचे गळ त्या सुमारास रुळायला लागले, तरी कड्याच्या फ्लाय पुढेही बांधल्या गेल्या आणि हौशी कारागीर आजही बांधतात.

कायदा विसरू नका

फ्लायच्या दोन्ही बाजूंना बहुधा एक छोटं पीस असतं. काळसर, आणि त्यावर मेणाचा थेंब सुकावा तसे पिवळट पांढरे ठिपके. नखाने हलकेच स्पर्श केला तर ठिपका खरोखर कडक लागतो. इथे याला 'जंगल कॉक' म्हणतात. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस, आणि हा पक्षी रानात फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो, आपल्या सह्याद्रीतही. पक्ष्यांच्या पिसांचा व्यापार इतका वाढला होता की १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारलाच भारतातून पिसांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा रानकोंबडा संरक्षित आहे.

म्हणून अशा फ्लाय सहज बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथून पोस्टानेही पाठवू नका. विकायच्या असतील तर कोणत्या पक्ष्याचं पीस आहे ते जाणकाराकडून ओळखून घ्या आणि परवाना लागतो का ते संबंधित खात्याला आधी विचारा. पाकिटाबरोबर पिसांसकट जुनी पक्ष्यांची कातडी मिळाली तर हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. पूर्वी ती टिकवायला आर्सेनिक वापरत.

साताऱ्याला नेता येत नाही म्हणून मी त्या मोडलेल्या फ्लायचा अगदी जवळून फोटो काढून बाबांना पाठवला. कुठली फ्लाय, कुणाची, काहीच सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला, "अगं, रानकोंबड्याची मान तुला तिकडे कुठे मिळाली?"