मेपलचं बोन्साय: कुंडी कधी बदलायची, ते डोळ्यांना विचारा

पुण्या-नाशिकहून फोन येतात, "ऑनलाइन मेपलचं बी मागवलंय, कसं लावू?" लावूच नका. जपानी मेपलला पानं गाळून दोन-तीन महिने थंडीत झोपावं लागतं, ती थंडी तिथे पडत नाही. ऑनलाइन बियांच्या जाहिरातीत दिसणारा निळ्या पानांचा मेपल तर जगात कुठेच नाही, तो फोटो रंगवलेला असतो. तिकडे उंबर किंवा वड घ्या, फार देखणे होतात. मी लिहितेय ते न्यू जर्सीतल्या माझ्या अंगणातून, अशाच थंड हवेत राहणाऱ्यांसाठी.

नर्सरीतून तीन-चार वर्षांचं रोप आणा. सकाळचं ऊन, दुपारी सावली, उन्हाळ्यात रोज पाणी.

खरी परीक्षा कुंडी बदलताना. "वसंतात कधीही बदला" हा सल्ला ऐकून मी एकदा मे महिन्यात, पानं पूर्ण उलगडलेली असताना मुळं छाटली. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि जुलैत झाड गेलं. सहा वर्षं वाढवलेलं झाड होतं, अजून जीव हळहळतो. छाटलेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवूच शकत नाहीत, एवढं साधं कारण.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि मार्चच्या मध्यापासून रोज सकाळी झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे पानांचे मिटलेले कोंब, बघा. हिवाळ्यात डोळा ज्वारीच्या दाण्याहून लहान, लाल, घट्ट मिटलेला असतो. मग तो फुगतो, लांबतो आणि खवल्यांमधून केसाएवढी फिकट रेघ दिसू लागते. हीच वेळ. पान उलगडलं असेल तर यंदा राहू द्या.

झाड काढून चॉपस्टिकने मुळं बाहेरच्या बाजूला विंचरा, ओढू नका. खाली जाणारी जाड मुळं कापा, चहूकडे पसरलेली बारीक ठेवा. पहिल्यांदा करत असाल तर एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका, व्हिडिओत कोणी कितीही छाटो. मुळं सतत ओली हवीत, शेजारी पाण्याचा स्प्रे ठेवाच. माती अकादामा (जपानी दाणेदार माती), प्यूमिस (हलका सच्छिद्र दगड) आणि लाव्हा खडी यांची, धूळ चाळून टाकलेली. बागेतली माती अजिबात नको, उथळ कुंडीत ती चिखल धरते आणि मुळं कुजतात. कुंडीच्या भोकांतून तार ओवून झाड घट्ट बांधा, कारण झाड हललं की नवी तंतुमुळं तुटतात. हे मी बरीच वर्षं टाळत होते. नंतर महिनाभर वारा आणि गोठवणाऱ्या रात्रींपासून जपा, खत नको.

कुंडी दर दोन-तीन वर्षांनीच बदलायची. पानं लहान यावीत म्हणून काही जण ती खुडून काढतात; ज्या वर्षी कुंडी बदलली, त्या वर्षी पानं काढू नका.

बाकी सोपं. पानांची पहिली जोडी उघडताच मधला कोवळा शेंडा चिमटीने खुडा. साल पातळ असते, त्यामुळे फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार दर आठवड्याला तपासा, रुतायच्या आत कापून काढा. थंडीत कुंडी बिनहीटरच्या गॅरेजमध्ये ठेवा. घरात मुळीच नको.