पंधराचा उडाला म्हणून तीसचा टाकला? फ्युएल पंपाच्या फ्यूजमधल्या या चुका टाळा

किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घुर्र असा आवाज येतो, तो फ्युएल पंप. तो आवाज आला नाही, फ्यूज काढून पाहिला आणि आतली पट्टी तुटलेली दिसली, तर इथवर सगळं ठीकच आहे. फ्यूजने त्याचं काम केलं. घोळ पुढे होतो. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज कमजोर होता, असं आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. मग पंधरा अँपियरच्या जागी तीसचा येतो.

कापसाच्या हंगामात हिंगणघाटला एक जुनी व्हॅन आली होती. मालक म्हणाले, "भाऊ, पंधराचा उडूनच राह्यला होता. जाम चौरस्त्यावर एकानं तीसचा टाकून देल्ला, तवापासून काही तरास नाही. फकस्त वास येते." वास कसला ते दरवाजा उघडताच कळलं. मधे कोणीतरी जास्तीची सीट बसवली होती आणि तिच्या बोल्टखाली पंपाची वायर दाबली गेली होती. खड्ड्यात गाडी आपटली की वायर बॉडीला टेकायची. पंधराचा फ्यूज तेच सांगत होता. तीसचा टाकल्यावर वायर तापत गेली, तिचं प्लास्टिक वितळलं, शेजारच्या टेललाइटच्या आणि पेट्रोलच्या काट्याच्या वायरी तिला चिकटल्या. मागची अख्खी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नवीन करावी लागली. हे सगळं पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर. आणि तो हिरवा तीसचा फ्यूज? एकदम शाबूत.

फ्यूज असतो वायर वाचवायला. पंप जळायचा असेल तर तो जळतोच. शिवाय तीसचा फ्यूज तीसला पटकन उडेल, हीही चुकीची समजूत. ब्लेड फ्यूज आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त करंट तासन्‌तास सोसतो. म्हणजे तेहतीस अँपियर वाहत राहतील आणि दीड चौरस एमएमची वायर गपगुमान भाजत राहील.

आकडा कसा ठरवायचा? कंपनीची वायरिंग असेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावर छापलेला आकडा, विषय संपला. वायरिंग आपण नवीन ओढली असेल तर मोजा. मी रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढतो, तिच्या सॉकेटमध्ये ३० (बॅटरीकडची) आणि ८७ (पंपाकडची) या खाचांत मल्टीमीटर १० अँपियरच्या रेंजवर लावतो आणि पंप चालताना करंट पाहतो. लहान पेट्रोल गाडीत बहुधा चार ते सात अँपियर येतात. सतत चालणारा करंट फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण हिश्श्यात राहिला पाहिजे; आपल्याकडे मे महिन्यात बॉनेटखाली जी भट्टी पेटते, तिच्यात फ्यूज आणखी नाजूक होतो. सहा अँपियर असतील तर दहाचा लाल. सुरू होतानाच्या झटक्याने तो उडत असेल तर पंधराचा निळा, आणि वायर दीड चौरस एमएमपेक्षा बारीक नको. घर बांधताना उरलेली वायर तर अजिबात नको. तिचं प्लास्टिक ऑइल आणि इंजिनच्या उष्णतेसाठी बनलेलं नसतं.

दुसरी चूक जागेची, आणि ही शिकलेले पोरंही करतात. फ्यूज रिलेच्या पुढे, ८७ आणि पंपाच्या मधे लावतात. कारण काय, तर तिथे हात जातो. मग बॅटरीपासून रिलेच्या ३० पर्यंतच्या वायरीचं काय? ती बॅटरीच्या ट्रेवर घासते, उंदीर ती कुरतडतात (गोठ्याशेजारी किंवा सोयाबीनच्या पोत्यांजवळ गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको), आणि ती बॉडीला टेकली तर मधे थांबवणारं काहीच नाही. बॅटरी शेकडो अँपियर ओतते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून जेमतेम वीतभर अंतरावर, रिलेच्या आधी. पण बॅटरीच्या डोक्यावर नको, अ‍ॅसिडच्या वाफेने पाती हिरवी पडतात. टाकीजवळ तर नकोच नको. होल्डर झाकणाचा घ्या आणि पाणी साचणार नाही असा, तोंड खाली करून बांधा.

फ्यूज शाबूत आणि होल्डर वितळलेला दिसला तर करंटला दोष देऊ नका. आतल्या क्लिपा ढिल्या झाल्यात. होल्डर बदला, पाती पिळून घट्ट करायचा उद्योग चार दिवस टिकतो.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी: यावर मी बोलत नाही.

पंप 'डायरेक्ट' करणाऱ्यांवर मात्र बोलतो. रिले गेली म्हणून बॅटरीतून थेट बटण टाकून पंप चालवतात. इंजिन बंद पडलं की कंपनीचा कॉम्प्युटर रिले सोडतो आणि पंप थांबतो. डायरेक्टवर तो थांबत नाही. गाडी उलटली, पाइप फुटला, तरी पेट्रोल येतच राहतं. रिले काही महाग वस्तू नाही. शंका असेल तर हॉर्नची रिले त्याच नंबरची आहे का पाहा, ती लावून तपासा, पण मग नवीन आणा.

आता उडण्याचं कारण. किल्ली ऑन करताच उडाला तर बहुधा सरळ शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटं चालून उडाला तर पंप जड झालाय. जाळी किंवा फिल्टर पाहा, आणि टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय आहे का तेही विचारा, कारण पंप पेट्रोलनेच थंड राहतो. फक्त खराब रस्त्यावर उडत असेल तर वायर कुठेतरी घासतेय.

ती घासलेली जागा शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. मी जुना हेडलाइटचा बल्ब फ्यूजच्या जागी जोडतो, पंपाचं सॉकेट मागून काढतो आणि रिलेच्या जागी ३० आणि ८७ वायरीने जोडतो. आता बल्ब विझलेला हवा. मग हार्नेस पुढून मागे हाताने हलवत जायचं, सीटच्या बोल्टपाशी, दरवाजाच्या पट्टीखाली, टाकीच्या वळणावर. बल्ब जिथे लपकला तिथली टेप सोडा. अर्धा तास लागतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "झालं का भाऊ" म्हणत असेल तर त्याला चहाला पाठवा.